शुद्धिपत्राचा हिवाळा

डिसेंबर सरत आला की नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर छपराएवढा रचलेला ऊस, आणि स्पीकरवरचं गाणं इतकं मोठ्यानं की मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जाऊ नये. कारखाना जवळ आला की मळीचा आंबूस वास हेल्मेटच्या आत शिरतो. रस्त्याकडेच्या रानात ज्वारी हुरड्याला आलेली असते. मी रोज सकाळी याच रस्त्यानं शाळेत शिकवायला जाते. वर्षभर हा रस्ता मला नुसता रस्ता असतो. या दिवसांत मात्र स्कूटरच्या मागच्या सीटवर वजन जाणवतं. ताठ बसलेल्या माणसाचं वजन.

आबांनी कधी माझ्या खांद्याला धरलं नाही. ऐंशीला टेकलेला माणूस, दोन्ही हात मांडीवर, पाठ सरळ. खड्डा आला तरी तेच. "आबा, धरा ना," म्हटलं की म्हणायचे, "तू नीट चालव. मी नीट बसतो."

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. सैन्यात जवानांना लिहायला-वाचायला आणि नकाशे समजून घ्यायला शिकवणं हे त्यांचं काम होतं. सुभेदार होऊन निवृत्त झाले, केडगावात घर बांधलं आणि मग बाहेरून परीक्षा देऊन इतिहासात एम. ए. केलं. मोडी शिकले. त्यांच्या खोलीत पत्र्याची काळी ट्रंक होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव. पुस्तकांना खाकी कव्हरं, आणि कपाटात सगळी उंचीप्रमाणे उभी. एखादं पुस्तक पुढे आलेलं दिसलं की ते बोटानं मागे ढकलायचे, रांगेतल्या शिपायाला ढकलावं तसं. आडवं पडून वाचलेलं त्यांना खपायचं नाही. लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन्सिलनं तिचं शुद्धलेखन तपासायचे, मग लग्न कुणाचं आहे ते बघायचे. वेळ विचारली की उत्तर यायचं, "सोळा-तीस." आई वैतागायची. "आबा, साडेचार म्हणा की."

"साडेचार पहाटेचे पण असतात, सूनबाई."

लहानपणी त्यांनी मला लढाया शिकवल्या त्या फरशीवर शेंगदाणे आणि फुटाणे मांडून. नदी म्हणजे आईची ओढणी, डोंगर म्हणजे उशी. लढाई संपली की हरलेली बाजू मी खायची. मला ते 'रंगरूट' म्हणायचे. नवा भरती झालेला शिपाई. मी एम. ए. झाले, तरी रंगरूटच.

आबांना जाऊन आता चार वर्षं झाली. लोक त्यांच्याबद्दल बोलताना शिस्त, वाचन, खणखणीत आवाज असं सगळं सांगतात. ते खरंच आहे. पण मला माझे आबा पुरते कळले ते एका हिवाळ्यात, ते चुकले तेव्हा.

त्या वर्षी मी इतिहासात एम. ए. करून घरी बसले होते. नोकरी नव्हती, आणि घरात कुणी काही विचारलं की माझा पारा चढायचा. आमच्या मूळ गावात, देवळाली प्रवरेपासून सहा-सात किलोमीटरवर, तेव्हा शाळेच्या आवारात ग्रॅनाइटचा मोठा दगड बसवायचं चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धात गावातून आणि आसपासच्या वस्त्यांवरून गेलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरायची होती. यादी कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी आबांनी सायकलवरून घरोघर हिंडून या शिपायांवर एक पुस्तिका लिहिली होती. तीनशे प्रती छापल्या होत्या. शाळेत दर सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापक तिच्यातली पानं माईकवर वाचत. दगडाचं अनावरण आबांच्याच हस्ते व्हायचं ठरलं होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या दारात टेम्पो थांबला. पंचेचाळिशीचा एक माणूस उतरला, त्यानं पुढच्या सीटवरून एका म्हातारीला हात देऊन खाली घेतलं आणि स्वतः टेम्पोपाशीच उभा राहिला. म्हातारी एकटी आत आली. अंगावर निळी सुती साडी, डोक्यावर घट्ट पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"मास्तर, वळखलं का? मी चांद शेखची लेक. जैतूनबी."

आबा उठून उभे राहिले. "बसा, जैतूनबी. देवळालीला असता ना आता?"

ती बसली नाही. "मला वाचता येत न्हाई. पर तुमच्या पुस्तकात माझ्या बापाची एक ओळ हाय, ती मला पाठ हाय. 'चांद शेख. पलटण सोडून गेला.'"

आबांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"गाव आधीपासनं म्हनत हुतं. पळाला, पळाला. माझी आय ऐकून घ्यायची. मानसांचं बोलनं वाऱ्यावर जातं, मास्तर. तुमी ते छापलं." तिनं दाराकडे हात केला. "ह्यो माझा रफिक. नववीत हुता तवा शाळंत झेंड्याला गेला, आन हेडमास्तरांनी माईकवर ती ओळ वाचली. पोरं मागं लागली त्येच्या. लष्करात जायाचं म्हनत हुता, रोज धावायला जायाचा. दुसऱ्या दिसापासनं धावनं बंद. सव्वीस जानेवारीला आजूनबी घराभाईर पडत न्हाई. आता दगडावर समद्यांची नावं येनार, माझ्या बापाचं न्हाई. मंजी दगडबी त्येच सांगनार."

आई चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. मला वाटलं आबा आता आपल्या खणखणीत आवाजात पुरावे मांडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कागद आहे काही?"

पिशवीतून तिनं घड्या फाटत आलेला एक कागद काढला. मोडीतलं पत्र होतं. चांदच्या एका सोबत्यानं, पारनेरकडच्या माणसानं, तिच्या आईला पाठवलेलं. तेव्हा जैतूनबी सहा महिन्यांची होती. पत्र आलं तेव्हा कुणीतरी ते वाचून दाखवलं होतं, पण सरकारचा कागद आला नाही म्हणून गावानं त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

"आठ दिवस द्या," आबा म्हणाले. "तपासून सांगतो."

टेम्पो गेल्यावर त्यांनी दार लावलं. मग मला म्हणाले, "ट्रंक उघड."

ट्रंकेच्या तळाशी पुस्तिकेच्या वेळची टिपणं होती, आणि त्यांत गावच्याच एका जुन्या हवालदाराच्या वहीची नक्कल. युद्धावरून परत आल्यावर त्या हवालदारानं आपल्याबरोबरच्या लोकांची नावं आणि प्रत्येकापुढे एक-दोन शब्द लिहून ठेवले होते. पुस्तिकेचा सगळा डोलारा त्या वहीवर उभा होता. दुपारच्या उन्हात, गच्चीवर, आम्ही दोघं सतरंजी टाकून बसलो. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी तीळ वाळत घातले होते. आबांनी आधी पत्र वाचलं. चार-सहा ओळींचं. चांदला खेचरांच्या पलटणीत धाडलं, तिकडे इटलीत त्याला ताप आला, इस्पितळात नेलं, तिथेच तो वारला, मी मातीला होतो. बस.

"खरं वाटतं," मी म्हटलं.

"वाटून काय उपयोग? आता वही वाच. नाव आणि पुढचा शब्द."

मी वाचत गेले. परत आला. परत आला. जखमी, परत आला. एका शेजारगावच्या माणसापुढे स्पष्ट 'पळाला' असं होतं. हवालदार भीड बाळगणारा नव्हता. मग चांद शेख, पलटणीतून गेला. मी पुढे निघाले तर आबांनी थांबवलं.

"पुन्हा वाच."

"पलटणीतून गेला."

"असं आणखी कुणापुढे आहे?"

होतं. आणखी दोघांपुढे, अक्षरशः तसंच. पलटणीतून गेला. मी पुस्तिका उघडून ती दोन नावं शोधली. दोघांपुढे आबांनी छापलं होतं, 'धारातीर्थी पडला.'

आपल्या भाषेत माणूस बाजाराला गेला तरी गेला, आणि कायमचा गेला तरी गेलाच. हवालदारानं तिघांसाठी एकच शब्द वापरला होता. आबांनी दोघांना वीरमरण दिलं आणि एकाला पळपुटं ठरवलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"या दोघांच्या घरी मी गेलो होतो," ते हळूहळू म्हणाले. "घरच्यांनी सांगितलं, तिकडेच वारला. मी लिहिलं. चांदच्या घरी गेलोच नाही. चावडीवर चार जण म्हणाले, तो पळाला. मला ते पुरलं."

"का नाही गेलात?"

"छापखाना माझ्यासाठी खोळंबला होता, हे एक कारण. ते मी स्वतःला सांगत राहू शकलो असतो. पण बाकी बावीस घरी गेलो मी, रंगरूट. वेळ नव्हता तर तो तेवीसही घरांसाठी नसायला हवा होता. त्या घराबद्दल गाव जे म्हणेल ते खरं असणार, असं मी धरून चाललो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी रफिकच्या नंबरवर फोन लावला आणि जैतूनबीला द्यायला सांगितलं. फोनवर बोलतानाही ते उभे होते. "जैतूनबी, तुमचे वडील पळाले नव्हते. मी चुकीचं लिहिलं."

पलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता. "मला सांगून काय व्हनार, मास्तर? मला आधीच ठाव हाय. ज्यांना वाचून दाखिवलं त्यांना सांगा."

"व्हय," आबा म्हणाले. सुभेदारकी आणि एम. ए. दोन्ही बाजूला सरून त्यांच्या तोंडून गावाकडचा शब्द आला, तो मी पहिल्यांदा ऐकला.

त्याच दुपारी त्यांनी शुद्धिपत्र लिहिलं. पान सतरा, असा मथळा. चांद शेख यांनी पलटण सोडल्याचा कोणताही पुरावा नाही, सोबत्याच्या पत्राप्रमाणे ते परदेशात इस्पितळात तापाने वारले. आणि शेवटी, 'चुकीचे वाक्य लेखकाने त्यांच्या घरी चौकशी न करता लिहिले.'

"हे शेवटचं कशाला?" मी म्हटलं. "वर दुरुस्ती झालीच की."

"चूक कशी झाली ते सांगितल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही."

सैन्याच्या कचेरीलाही त्यांनी चौकशीचं पत्र टाकलं होतं. वडील म्हणाले, उत्तर येऊ द्या, मग छापा. आबांनी मान हलवली. "आरोप करताना मी कचेरीला विचारलं नव्हतं. मागे घेताना कशाला थांबू?"

पुस्तिका कुणाकुणाला दिली याची यादी त्यांच्याकडे होती. असणारच. मग सुरू झाली आमची मोहीम. तीन आठवडे, स्कूटरवर, एका हातपिशवीत शुद्धिपत्रांचा गठ्ठा आणि आईनं कणीक शिजवून केलेल्या खळीचा डबा. सकाळी धुकं इतकं की पुढचा ट्रॅक्टर आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. दहाच्या सुमाराला ऊन पडलं की ज्वारीच्या पानांवरचं दव चमकायला लागायचं आणि माझी बोटं हँडलवर जरा सैल व्हायची. काही घरांत पुस्तिका देवघराच्या फळीवर होती, काही घरांत पत्र्याच्या पेटीत. एका घरात पोरानं तिच्यावर गाईचं चित्र काढलं होतं. बऱ्याच घरांत ती नव्हतीच, तिथे आबा शुद्धिपत्र वाचून दाखवायचे आणि ते ठेवून घ्यायला सांगायचे. एका वस्तीवर हुरडा भाजायचं चाललं होतं. गरम हुरड्याचा वास, शेंगदाण्याची चटणी, लोक सरकून जागा करत होते. आबा म्हणाले, "आधी पुस्तक आणा." पान सतरा उघडलं, खळ लावली, कागद चिकटवला, तळव्यानं दाबला. मग बसले आणि दोन मुठी हुरडा खाल्ला.

मी त्या तीन आठवड्यांत जेवढा इतिहास शिकले तेवढा एम. ए.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. दगडाचं काम बघणारे सोपानकाका आबांचे बालमित्र. कोरीव काम थांबवायला आबांनी सांगितलं तेव्हाच त्यांचं तोंड उतरलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी आबांना गाठलं.

"सुभेदार, दगडावर चांदचं नाव घाला, माझी ना न्हाई. पर हे घरोघर कागद चिटकवायचं काय काढलंय? ह्या वयात आपल्याच हातानं आपलं नाव खाली आनता?"

"तीस वर्षं त्याचं नाव खाली होतं, माझ्या हातानं."

"आरं, पर गुपचूप करता येतंय की!"

"चूक माईकवर वाचली गेली, सोपान. दुरुस्ती पण माईकवरच."

सोपानकाका चिडून निघून गेले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला, त्यांच्याकडची प्रत सापडली होती, खळ घेऊन या म्हणाले.

सव्वीस जानेवारीला आबांनी कोटावर पदकं लावली नाहीत. दरवर्षी लावायचे. शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत, बायका कट्ट्याजवळ, पुरुष झाडाखाली, आणि बाजूला, अजून कापडाखाली, चांद शेखचंही नाव कोरलेला दगड. जैतूनबी पुढे खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि आबा माईकपुढे गेले. भाषण करायची त्यांना सवय होती. पण त्या दिवशी त्यांनी हातात कागद धरला होता.

"तीस वर्षांपूर्वी मी या गावातल्या एका शिपायाबद्दल खोटं लिहिलं. ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी तपासलं नव्हतं. ते या जागेवरून तुम्हाला वाचून दाखवलं गेलं. चांद शेख पळाले नव्हते. ते आपल्या पलटणीत असताना वारले. मी बाकी सगळ्यांच्या घरी गेलो, त्यांच्या घरी गेलो नाही. त्यांच्या मुलीची आणि नातवाची मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

त्यांनी जैतूनबीकडे वळून सॅल्यूट केला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरांनाही काही कळलं असावं, कारण रांग हलली नाही. मी फाटकाकडे बघितलं. रफिक टेम्पोला टेकून उभा होता. आत आला नव्हता, पण आला होता.

जैतूनबी उठून आबांपाशी गेली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "माझी आय ऐकायला पायजे हुती, मास्तर."

त्यांनी मान खाली घातली आणि तशीच राहू दिली. आयुष्यभर मी त्यांना मान वर करून चालताना बघितलं होतं. तरीही मला ते त्या क्षणी जेवढे उंच वाटले तेवढे आधी कधी वाटले नव्हते.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "च्या प्यायला घरी या. पोरीलाबी आना."

देवळालीच्या बाहेर, उसाच्या कडेला त्यांचं दोन खणांचं पक्कं घर. अंगणात शेळी, तुळईला टांगलेली कांद्याची माळ. आबांनी बूट बाहेर काढले, पायमोजे घडी करून बुटात ठेवले आणि खाली चटईवर बसले. जैतूनबी खुर्ची आणायला सांगत होती, त्यांनी नको म्हटलं. खिशातून वही काढली, पेन्सिल काढली.

"जैतूनबी, तुमच्या वडिलांबद्दल सांगा."

"मी काय सांगू? मी त्यांना पाह्यलंच न्हाई."

"आईनं सांगितलेलं सांगा. काहीपण. उंच होते की बुटके?"

ती विचारात पडली. मग हळूहळू बोलायला लागली. उंच होता म्हणे. वांगं खायचा नाही. बैलाशी बोलायचा, बायकोशी कमी. आणि मग तिला काहीतरी आठवलं आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

"पान्याला लई भ्यायचा, आय सांगायची. प्रवरेला गुडघाभर पानी आसलं तरी बैलाचं शेपूट धरून पल्याड जायाचा. डोळं मिटून."

आबांची पेन्सिल थांबली. "मग बोटीत कसे बसले असतील?"

"त्येच तर आय इचारायची! म्हनायची, आरं नदी वलांडता येईना तुला, आन दर्या वलांडून कसा गेलास रं?" ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती पुसायच्या भानगडीत पडली नाही.

रफिक इतका वेळ चौकटीला धरून उभा होता.

"आये, हे मला कदी सांगितलं न्हाईस तू," तो म्हणाला.

"तू कदी इचारलंस?"

तो चपला काढून आत आला. आबांनी वही मांडीवर घेतली, जरा सरकून चटईवर त्याच्यासाठी जागा केली, आणि तो बसला.

"अजून सांग," तो म्हणाला.